नियत आपापली, नियम सगळ्यांचे

(तरुण कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळच्या सत्रात एका मुलानं प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, ‘‘आमच्या गटात निम्मी मुलं नमाजी आहेत, निम्मी नाहीत. रक्तदान असो, रेशन वाटप असो, काम सुरू झालं की तासाभरात आमचंच भांडण सुरू होतं. काय करायचं?’’ सत्र संपत आलं होतं म्हणून त्याला नीट उत्तर मिळालं नाही. माझा विषय तोच आहे, तेव्हा आता त्याचंच उत्तर देते.

आधी माझी बाजू स्पष्ट करते. मी धर्म न मानणाऱ्यांपैकी आहे. वीसएक वर्षांत मी नमाज पढलेली नाही. माझे अब्बा पाच वक्ताचे नमाजी होते आणि त्यांनी मला कधी रागानं काही म्हटलं नाही, हे माझं नशीब. मी ज्या चळवळीत वाढले तिला हमीद दलवाईंचा वारसा आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत तोंडी तलाकच्या विरोधात मोर्चा काढणारे, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे, ते दलवाई. तेव्हा मी आज धार्मिक मुलांच्या चुका सांगेन असं तुम्हाला वाटत असेल. त्याही सांगणार आहे. पण सुरुवात माझ्या चुकांपासून करते.

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हाची गोष्ट आहे. तारखा लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडेल. मंगळवार २० जुलैला आषाढी एकादशी होती. बुधवार २१ जुलैला बकरी ईद. कोरोनामुळे नमाज घरातच पढा आणि कुर्बानी प्रतीकात्मक करा, असं सरकारचं आवाहन होतं. त्या रात्री पाऊस थांबलाच नाही. गुरुवारी पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी शहरात शिरलं. बाजारपेठ बुडाली, घरांचे तळमजले बुडाले, लोक माळ्यावर आणि कौलांवर चढून बसले. बहादूर शेख नाक्याजवळचा वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला. त्याच दिवशी तिकडे महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. २६ जुलै २००५ च्या पुराची भिंतीवरची खूण दाखवणारे म्हातारे सांगत होते, हे पाणी तिच्याही वर गेलं.

रस्ता सुरू झाल्यावर आम्ही पुण्याहून कुंभार्ली घाटानं उतरलो. आमचा गट अकरा जणांचा. त्यात हिंदू घरातले होते, मुस्लिम घरातले होते, पण कुणीच फारसं धार्मिक नव्हतं. दोघं-तिघं तर उघड नास्तिक. उतरायची सोय नदीपासून उंचावर असलेल्या एका मोहल्ल्याच्या जमातखान्यात झाली. तिथं जमातीची वीस-पंचवीस मुलं आधीपासून काम करत होती. मोठी भांडी त्यांची, जागा त्यांची, गल्लीन् गल्ली त्यांना माहीत. आमच्याकडे काय होतं? पुण्याहून आलेला माल, दोन डॉक्टर, आणि सरकारी अर्ज भरायचा अनुभव.

इथं थोडं थांबते, कारण भांडणाचं मूळ इथं आहे. आपल्या समाजात समाजकार्याचे दोन वेगळे रस्ते पडलेत. मशीद, जमात, मदरसा यांच्या भोवतीचे लोक भुकेल्याला जेवण देतात, मय्यतीला खांदा देतात, अडलेल्याची फी भरतात. सुधारणावाले कायदा, हक्क, शिक्षण, तलाक यावर बोलतात, कोर्टात जातात, निवेदनं देतात. पहिल्यांना वाटतं, हे नुसतं बोलतात आणि समाजाची बदनामी करतात. दुसऱ्यांना वाटतं, हे खिचडी वाटतात आणि मूळ प्रश्नाला हात लावत नाहीत. एरवी दोघांची भेट होतच नाही. पूर आला, कोरोना आला की एकाच छपराखाली येतात. मग पन्नास वर्षांचा हिशेब एका संध्याकाळी निघतो.

आमचाही निघाला. पहिल्याच संध्याकाळी कराडहून पाण्याच्या कॅनचा ट्रक आला. साखळी करून कॅन उतरवत होतो. मध्येच असरची अजान झाली आणि साखळीतली अर्धी मुलं हात धुवायला निघाली. आमच्यातला एक जण मोठ्यानं म्हणाला, ‘‘माणसं चिखलात आहेत आणि ह्यांना नमाज सुचते.’’ मी हसले. बोलले नाही, पण हसले. जाणाऱ्या एका मुलानं वळून माझ्याकडे पाहिलं.

तो मुलगा गोवळकोटचा, गॅरेजमध्ये काम करणारा. नंतर कळलं की गुरुवारी पहाटेपासून तो होडीतून माणसं काढत होता आणि त्याचं स्वतःचं घर पाण्यात होतं. पंधरा मिनिटांनी ती सगळी मुलं परत आली आणि ट्रक रिकामा होईपर्यंत हलली नाहीत. दुसऱ्या दिवशी मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी घड्याळ लावून बघितलं. त्यांच्या दुपारच्या दोन नमाजांना मिळून अर्धा तास लागला. आमच्या गटाचा चहा, सिगारेट आणि फोनला रेंज शोधत फिरणं यात त्याहून जास्त वेळ गेला होता. पण आमच्या चहाला कुणी ‘माणसं चिखलात आहेत’ असं म्हटलं नव्हतं.

दुसरा तंटा पैशांवरून झाला. जमातीचा हिशेब एक चाचा बघत होते, निवृत्त कारकून. त्यांच्या वहीत तीन रकाने होते: जकात, सदका आणि व्याज. आमच्या एका मैत्रिणीनं विचारलं, ‘‘हे वेगळं का?’’ चाचांनी सरळ सांगितलं, ‘‘बेटी, जकातीचा पैसा मी सगळ्यांना वाटू शकत नाही. तो मुसलमान गरिबाचा हक्क आहे.’’ ती भडकली. ‘‘पुरातसुद्धा तुम्ही धर्म बघणार?’’ आवाज चढले. बाहेर रांगेतली माणसं ऐकत होती.

तुमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडला असेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. जकात कुणाला द्यायची याचे आठ हक्कदार सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आलेत. गरीब, मिस्कीन, कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले प्रवासी वगैरे. बहुतेक जुन्या फकिहांचं मत असं की काही अपवाद सोडले तर जकात मुसलमान गरजूंसाठी आहे. आजचे काही अभ्यासक याहून व्यापक अर्थ लावतात. पण सदक्याला, म्हणजे खुशीनं दिलेल्या दानाला, अशी अट नाही. ते कुणालाही देता येतं, आणि त्याबद्दल वाद नाही. तिसरा रकाना व्याजाचा. बँकेत आपोआप जमणारं व्याज अनेक धार्मिक मुसलमान स्वतःसाठी वापरत नाहीत. सवाबची नियत न ठेवता ते देऊन टाकतात, अनेकदा संडास-बाथरूमच्या कामाला. चाचांनी त्या पैशातून ब्लीचिंग पावडर, फिनेल, फावडी आणि घमेली आणली होती. पुरानंतरच्या चिपळूणमध्ये अन्नाइतकीच गरज त्या घमेल्यांची होती.

मला जकातीचा तो जुना अर्थ पटत नाही, आजही नाही. तो वाद मी घालत राहीन. पण त्या दिवशी मला दुसरीच गोष्ट दिसली. चाचा कुणाला नाकारत नव्हते. ज्यानं ज्या नियतीनं पैसा दिला, त्या नियतीला ते जपत होते. लोकांनी विश्वासानं दिलेल्या पैशाचा ते हिशेब ठेवत होते. आपल्या किती संस्थांच्या वह्या इतक्या स्वच्छ असतात?

रात्री बसून मार्ग काढला. रोजच्या मदतीची सगळी किट सदक्याच्या आणि आमच्या पैशातून, सगळ्या घरांना सारखी. जकातीचा पैसा आत्ता काढायचाच नाही. पाणी ओसरल्यावर जमातीनं आपल्या यादीप्रमाणे घरं उभी करायला तो वापरावा. मी चाचांना एकच म्हटलं, ‘‘शेजारी-शेजारी दोन घरं आहेत, दोन्ही घरांतल्या चुली ओल्या आहेत. दारात फरक दिसता कामा नये.’’ ते म्हणाले, ‘‘दिसणार नाही.’’ आणि शेवटपर्यंत दिसला नाही. दोन दिवसांनी सदका संपत आला, तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून तो पुन्हा जमवला.

तिसरी गोष्ट स्टिकरची. मुलांनी किटवर लावायला मोहल्ल्याच्या नावाचे, चाँद-ताऱ्याचे स्टिकर छापून आणले होते. आमची मंडळी म्हणाली, ‘‘हा मदतीतला प्रचार आहे.’’ मी मान डोलावली. तेव्हा एक शांतसा मुलगा म्हणाला, ‘‘आपा, तुमच्या गाडीवर बॅनर कशाचा आहे?’’ आमच्या गाडीवर आमच्या संस्थेचा सहा फुटी बॅनर होता. तो आम्हाला प्रचार वाटलाच नव्हता.

मग त्यानं कारण सांगितलं. ‘‘मागच्या वर्षी तबलिगींमुळे कोरोना पसरला म्हणून आमच्या फळवाल्यांना गल्लीत येऊ देत नव्हते. आता आम्ही काम करतो तर दिसू दे ना टोपी. एवढं तरी दिसू दे.’’ मी गप्प बसले. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये काय बोललं गेलं ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. पण निकाल किती लोकांनी वाचला? बदनामी मात्र घराघरांत पोचली होती. पुढे पुण्यात आणि इतर शहरांत मुस्लिम तरुणांच्या गटांनी सगळ्या धर्मांच्या कोरोना-मृतांचे अंत्यविधी केले, तेव्हाही त्यांच्या मनात हे असणारच. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायची पाळी ज्याच्यावर येते, त्याच्या स्टिकरला मी ‘प्रचार’ म्हणून मोकळी झाले होते.

तरीही स्टिकर नको होता. कारण त्या दिवशी एका म्हातारीच्या घरात आम्ही गेलो, तर फोटो नीट यावा म्हणून कुणीतरी तिला किट हातात धरून उभं केलं. तिच्या साडीला गाळ लागलेला होता, ती पदर सारखा करत होती. आपली बदनामी धुवायला तिची लाज वापरायची? ते बरोबर नाही. शेवटी किटवर काहीच लावायचं नाही असं ठरलं. आमचा बॅनरही उतरवला. ट्रकच्या बाजूला एक फळा बांधला, त्यावर सगळ्या गटांची नावं खडूनं लिहिली. काम करणाऱ्यांचे फोटो काढा, टोपीसकट काढा. घेणाऱ्याचा चेहरा नको.

आता माझी मोठी चूक सांगते.

जेवणाचं काय करायचं यावर चर्चा चालली होती. एकादशीपासून चातुर्मास लागला होता, अनेक हिंदू घरांत मांसाहार बंद. त्यामुळे डाळ-खिचडीच करायची यावर जमातीची मुलं लगेच तयार झाली, तो प्रश्न त्यांनी एका मिनिटात सोडवला. पण बोलण्याच्या ओघात मी म्हटलं, ‘‘खरं तर कुर्बानीचा पैसा तुम्ही पूरग्रस्तांना दिला असता तर किती किट झाली असती!’’ कुर्बानीऐवजी रक्तदान, कुर्बानीच्या पैशातून शिक्षणाला मदत, हे आम्ही वर्षानुवर्षं मांडत आलोय. तो विचार मला आजही योग्य वाटतो. पण मी तो कुठं मांडला?

गॅरेजमधला तो मुलगा खिचडीचं पातेलं घासत होता. तो मान वर न करता म्हणाला, ‘‘आपा, कुर्बानी बुधवारी होती. पूर गुरुवारी आला.’’ आणि मग म्हणाला, ‘‘माझ्या वाटणीचं गोश्त फ्रिजसकट वाहून गेलंय.’’

सगळे हसले, मीही हसले. पण त्या दिवसापासून त्यानं मला आपा म्हणणं सोडलं. ‘मॅडम’ म्हणायला लागला. काम तेवढंच करायचा, सांगितलेलं सगळं ऐकायचा, पण मॅडम. मी सवयीचं भाषण दिलं होतं, समोर घर गेलेला माणूस बसलाय हे न बघता. एखादा मौलवी दारात जाऊन जो तब्लिग करेल, तोच मी पातेल्यापाशी केला होता.

आता दुसऱ्या बाजूचं. हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं.

एका घरात आमच्याबरोबर मोहल्ल्यातले एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी किट दिलं आणि तिथंच उभं राहून सांगायला लागले की हा पूर म्हणजे अल्लाहचा अजाब आहे, आपल्या गुनाहांची सजा आहे, घरातल्या मुलींच्या वागण्यानं असं होतं. त्या घरातली बाई विधवा, शिवणयंत्रावर घर चालवणारी. यंत्र गाळात. ती मुकाट्यानं ऐकत होती, कारण किट घेतलं होतं. मदत घेणाऱ्याला उलट बोलता येत नाही, म्हणून त्याच्या दारात प्रवचन द्यायचं नसतं. मग ते धर्माचं असो की विज्ञानाचं.

आमच्यात एक मुलगा होता, मुस्लिम घरातला, धर्म न मानणारा आणि ते न लपवणारा. मशिदीचा वजूखाना गाळानं भरला होता, तिथले नळ सगळ्यांनाच हवे होते. दोन दिवस तो एकटा तिथं फावडं मारत होता, लेप्टोच्या गोळ्या खात. त्याला कुणीतरी म्हणालं, ‘‘ईमान नसेल तर एवढी मेहनत कबूल होणार नाही.’’ रात्री तो मला म्हणाला, ‘‘आपा, मला जन्नत नकोच आहे. पण माझ्या हातातलं फावडं कुणी काढून घेतल्यासारखं वाटलं.’’ ही गोष्ट चाचांपर्यंत गेली. त्यांनी त्या माणसाला सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘कबूल करायचं खातं तुझ्याकडे कधी आलं?’’ एवढं एकच वाक्य. आमच्यापैकी कुणी दहा वाक्यं बोललं असतं तरी त्याचा उपयोग झाला नसता.

आणि बायकांचं. पहिल्या रात्रीच्या बैठकीत आम्हा चौघींना खाली स्वयंपाकाकडे बसायला सांगितलं गेलं. ‘‘बाहेर पुरुष आहेत, तुम्ही कशाला त्रास घेता.’’ मी ऐकलं नाही, वर जाऊन बसले. त्यावरून कुजबुज झाली. मला ती चालते. पण किटची यादी वाचली तर तांदूळ, डाळ, तेल, मेणबत्ती, काडेपेटी सगळं होतं, सॅनिटरी पॅड नव्हते. आतले कपडे नव्हते. आमच्या पुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बनलेल्या यादीतही नव्हते हो, ती आमच्या पुरोगामी पुरुषांनी केली होती. तेव्हा या बाबतीत धार्मिक आणि अधार्मिक यांची अगदी छान एकी होती!

मार्ग काढला चाचांच्या घरातल्या खालांनी. बुरखा घालून त्या आल्या, बरोबर मोहल्ल्यातल्या सहा-सात बायका. म्हणाल्या, ‘‘घराच्या आत आम्ही जाणार, यादी आम्ही करणार.’’ त्या आणि आम्ही जोडीनं घरोघर गेलो. बायका पुरुषांना जे सांगत नव्हत्या ते आम्हाला सांगत होत्या: कुणाची गोळी संपलीय, कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा मदतीचे पैसे पितो. खाला आणि मी आठवडाभर एकत्र फिरलो, धर्मावर एक शब्द बोललो नाही. तेवढा वेळच नव्हता.

शेवटच्या दिवसांत आमच्या गटाचं काम वाढलं. तलाठ्याचे पंचनामे, भिजलेली रेशनकार्डं, वाहून गेलेली आधार कार्डं. ऑगस्टमध्ये सरकारनं पूरग्रस्तांसाठी ११,५०० कोटी रुपयांचं पॅकेज मंजूर केलं, पण ते ज्याच्या हातात कागद आहे त्याला मिळतं. जमातखान्यात टेबल टाकून आम्ही अर्ज भरले. लोक तिथं आले कारण जागा जमातीची होती, विश्वास जमातीवर होता. अर्ज नीट भरले गेले कारण ते काम आम्हाला येत होतं. एकट्याच्या जिवावर दोघांनाही ते जमलं नसतं.

तर सकाळच्या त्या मित्राला माझं उत्तर हे आहे. आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेली हदीस आहे, सही बुखारीतली पहिलीच, की कर्माचं मोल नियतीवर ठरतं. धार्मिक मुलांनो, नियत हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला आहे असं तुम्ही मानता ना? मग शेजारच्या स्वयंसेवकाची नियत तपासायचं काम तुमचं नाही. आणि धर्म न मानणाऱ्यांनो, तुम्ही माणुसकीसाठी करता आणि तो सवाबसाठी करतो, म्हणून त्याचं काम हलकं होत नाही. पुरात अडकलेली बाई होडीवाल्याला ‘कशासाठी आलास’ असं विचारत नाही.

नियत आपापली ठेवा, पण नियम सगळ्यांचे मिळून करा. आणि ते ट्रक येण्याआधी करा. आम्ही जे ठेच खाऊन शिकलो ते थोडक्यात सांगते.

नमाजची वेळ आणि चहाची वेळ दोन्ही वेळापत्रकात लिहा. त्या वेळी कोण थांबेल आणि कोण काम धरेल ते आधी ठरवा. मग कुणी कुणाला टोमणा मारायची गरज पडत नाही.

पैसा कुठल्या नियतीनं आला ते वहीत वेगळं लिहा, पण घेणाऱ्याच्या दारात फरक दिसू देऊ नका. ज्या पैशाला अट आहे तो आणीबाणीच्या रांगेत आणूच नका.

जेवण करणाऱ्याच्या नाही, जेवणाऱ्याच्या पद्धतीनं शिजवा.

दारात उपदेश नाही. अजाबचा नाही, अंधश्रद्धा निर्मूलनाचाही नाही. वाद रात्री बैठकीत घाला, तिथं हवा तेवढा घाला.

आणि काही गोष्टींवर तडजोड करू नका. गरजूला धर्म विचारून परत पाठवलं जात असेल, बाईला कामातून बाजूला सारलं जात असेल, एखाद्याला ‘तू आमचा नाहीस’ म्हणून हाकललं जात असेल, तर तिथं ‘एकत्र काम करायचंय’ म्हणून गप्प बसू नका. मी बसले नाही, तुम्हीही बसू नका.

एका मुलीनं जेवताना मला विचारलं, ‘‘मग आपण धर्म मानत नाही हे लपवायचं का?’’ नाही, बेटा. मी लपवलं नाही. खाला मला एकदा म्हणाल्या, ‘‘तू नमाज पढत नाहीस, मला वाईट वाटतं.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हाला वाईट वाटतं याचं मला वाईट वाटतं.’’ आणि आम्ही पुढच्या घरात गेलो. लपवायचं नाही, पण दुसऱ्याच्या डोक्यावर आपटायचंही नाही.

कुरआनातल्या दोन जागा मला अब्बांनी लहानपणी समजावल्या होत्या. सूरह दहरमध्ये मिस्कीनाला, यतीमाला आणि कैद्याला जेऊ घालणाऱ्यांचं वर्णन आहे, ज्यांना त्या बदल्यात काही नको, आभारसुद्धा नकोत. आणि सूरह माऊनमध्ये अशांना इशारा आहे जे नमाज पढतात पण त्यातून बेखबर असतात, दिखावा करतात आणि साधी वापरायची वस्तूही शेजाऱ्याला देत नाहीत. मी श्रद्धेनं वाचत नसले तरी या दोन्ही जागा विसरलेले नाही. नमाजी मुलांनी त्या आपल्यासाठी वाचाव्यात. आम्हीही वाचाव्यात, कारण दिखावा फक्त नमाजीच करतो असं नाही. सहा फुटी बॅनर आमचा होता.

हमीद दलवाईंचं मिरजोळी गाव चिपळूणच्या अगदी जवळ. आपल्या देहाचं दहन करावं, धार्मिक विधी नकोत, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. १९७७ मध्ये तसंच झालं, आणि समाजातल्या अनेकांनी त्यांना त्यासाठी माफ केलेलं नाही. त्या मोहल्ल्यातही आम्हाला मागून ‘दलवाईवाले’ म्हटलं जायचं, आणि ते कौतुकानं नव्हे. पहिल्या दिवशी मला ते लागलं. शेवटच्या दिवशी चाचांनी निरोप देताना सगळ्यांसमोर म्हटलं, ‘‘हे दलवाईवाले फॉर्म चांगले भरतात.’’ पन्नास वर्षांच्या भांडणानंतर एवढं प्रमाणपत्र मला पुष्कळ झालं.

गॅरेजवाल्या मुलाला मी नंतर फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, ‘‘काही नाही मॅडम, असं होतं कामात.’’ त्यानं घर पुन्हा बांधलंय. पावसाळ्यात पाणी वाढलं की मी त्याला फोन करते, तो नदीची खबर सांगतो, नीट बोलतो. अजून मॅडमच म्हणतो.